लाज कशी वाटत नाही म्हणे!

मंगळावर माणसं राहायला गेली तर पाण्याचं काय करतील, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली 'स्पष्टवक्ता सोलापूरकर' या नावाने एक बारा ओळींची प्रतिक्रिया आली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. बायकोही म्हणाली, सोडून द्या, कशाला तोंडी लागता. पण आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर त्या प्रतिक्रियेचा स्क्रीनशॉट फिरला, खाली एकाने 'काय बे, मंगळावर कधी जालालास?' असं टाकलं आणि चौघं हसले. मग म्हटलं, आता लिहितोच.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: मंगळाच्या दिवसाची लांबी मी चुकवली, तिथल्या मातीतलं पर्क्लोरेट (एक विषारी क्षार) आणि अंतराळातला किरणोत्सर्ग यांचं नावही घेतलं नाही, कमी गुरुत्वाकर्षणात मुलं जन्मून वाढणार कशी हे सोडून दिलं, असं त्यात म्हटलंय. पण सुरुवात अशी आहे, जशीच्या तशी देतो: "ज्या गावात नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, त्या गावात बसून मंगळावरच्या पाण्याच्या गप्पा मारायला लाज कशी वाटत नाही?"

दिवसाचं आधी मिटवू. मी २४ तास ३७ मिनिटं लिहिलं होतं. ती मंगळाची स्वतःभोवतीची फेरी झाली. आज दुपारी सूर्य डोक्यावर आल्यापासून उद्या पुन्हा डोक्यावर येईपर्यंत तिथे २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद लागतात, आणि राहणाऱ्या माणसाला हाच दिवस धरावा लागणार. चूक माझी. लेखात दुरुस्त केली, आभार. तेवढ्या दोन-अडीच मिनिटांसाठी 'वाचन न करता लिहिणारे हौशी लोक' म्हणायची गरज होती का, ते तुमचं तुम्ही बघा.

आता लाज.

साहेब, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो. १९९२ च्या हद्दवाढीनंतर वडिलांनी फंडाचे पैसे घालून जुळे सोलापूरच्या बाजूला प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. आजूबाजूला काळं रान. पावसाळ्यात चपला हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत यायचो आणि तिथे पाय धुऊन त्या घालायचो. नळ नव्हताच, टँकर होता. आई पिंपावर आतून खिळ्याने रेघा मारून ठेवायची. ही सोमवारची, ही मंगळवारची. मंगळवारी पाणी रेघेखाली गेलं की त्या दिवशी कुणाचीच आंघोळ नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, ते विसळलेलं पाणी मोरीतून पपईच्या आळ्यात. कोपऱ्यात एक घागर झाकून ठेवलेली असायची, तिला टँकर येईपर्यंत हात लावायचा नाही. वस्ती करणं म्हणजे काय, हे मी त्या दोन खोल्यांत शिकलो. तुम्ही कुठे शिकलात ते प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही.

पुढची सत्तावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यांत गेली. मागावर नाही, डाईंगच्या मागे पाण्याच्या शेडमध्ये. रंगाचं पाणी हौदात घ्यायचं, गाळायचं, आरओतून काढायचं, पुन्हा डाईंगला द्यायचं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते हीटरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर खरवडणाऱ्याला विचारा. एकदा आरओची मेंब्रेन, म्हणजे गाळणीचा पडदा, अशी चोक झाली की दोन शिफ्ट बंद राहिल्या आणि मी रात्रभर अ‍ॅसिडच्या वासात बसून होतो.

म्हणूनच मला ती अंतराळ स्थानकाची गोष्ट आवडते, जी लेखात होती आणि तुम्ही बहुतेक वाचली नाहीत. तिथे अंतराळवीरांच्या लघवीचं पिण्याचं पाणी करतात. २००९ मध्ये ते ऊर्ध्वपातनाचं यंत्र बंद पडलं. कारण काय, तर कॅल्शियम सल्फेट. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, त्यांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं, त्यात लघवी टिकवायला घातलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड, दोन्ही मिळून खडा. आमच्या कॉइलवरच्या थराच्या भावकीतलाच तो! पुढे त्यांनी अ‍ॅसिड बदललं, फॉस्फोरिक आणलं. २०२३ मध्ये पाण्याची परतफेड ९८ टक्क्यांवर पोचली. शंभर लिटर वापरलं तर अठ्ठ्याण्णव पुन्हा हातात. एवढं साधणारी शेड मी तरी आयुष्यात पाहिली नाही. आणि हे वाचताना मला लाज वाटायला हवी होती?

पाणी नसलेल्या गावाने पाण्याचा विचार करायचा नाही, तर मग करायचा कुणी? ज्यांच्याकडे चोवीस तास धो-धो येतं त्यांनी? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथे तळं खोदवलं ते पाणी उतू चाललं होतं म्हणून नाही. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. त्यांनाही कुणीतरी सुनावलं असेलच, शेठ, आधी गावातला रस्ता बघा.

आणखी एक आठवण करून देतो. २०१४ च्या सप्टेंबरात मंगळयान पोचलं, खर्च साधारण ४५० कोटी. तेव्हा अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने व्यंगचित्र छापलं होतं: आत कोटवाले गोरे बसलेत, दारावर 'एलिट स्पेस क्लब' लिहिलंय, आणि बाहेर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. आपण सगळे खवळलो. त्यांना माफी मागावी लागली. तुम्हीही खवळला असणार. मग माझ्या लेखाखाली तुम्ही नेमकं तेच चित्र काढलंत की! फक्त क्लबात आता तुम्ही बसलाय आणि गाय माझ्या हातात आहे.

राहिले बाकीचे मुद्दे. पर्क्लोरेट २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडलं, मला माहीत आहे. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे माती धुता येते, आणि धुतलेल्या पाण्यातून ते आरओने काढता येतं. आमच्या धंद्यातला माणूस त्यावर घाबरत नाही. त्या धुण्याला पाणी किती लागेल हा हिशेब लेखाच्या मर्यादेत बसत नव्हता. किरणोत्सर्गासाठी मातीखाली राहायचं, त्यात काय. मुलांचं म्हणाल तर तो स्वतंत्र विषय आहे. ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात बाळ कसं वाढेल यावर इथे दोन ओळींत लिहिणं म्हणजे विषयाचा अपमान. पुन्हा कधीतरी.

तुमचं शेवटचं वाक्य, 'आधी पृथ्वी सांभाळा'. अहो, मी सत्तावीस वर्षं तिचं मळकं पाणी गाळलंय. तुम्ही नाव तरी खरं टाका.

असो. तुमच्याशी वैर नाही. पुन्हा प्रतिक्रिया द्यायची असेल तर जरूर द्या, पण उद्या सकाळी उत्तराची वाट बघू नका. उद्या आमच्या बाजूला पाण्याचा दिवस आहे, चारला उठून मोटर लावायची आहे आणि वरच्या टाकीचा बॉल कॉक गळतोय.