एका चपलेचं जर-तर

फेब्रुवारी आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १९४६ चं नौदलाचं बंड पेटतं. यंदा काडी मामांनी टाकली. 'वल्लभभाईंनी नौसैनिकांना शरण जायला लावलं नसतं तर इंग्रज १९४६ सालीच पळाले असते आणि फाळणीही टळली असती.' खाली रांगेने अंगठे. मी लंडनच्या हाउन्स्लोत पावसात कचऱ्याचे बिन्स बाहेर काढत होतो. तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, 'मामा, आत्याबाईला मिशा असत्या तर!'

मामांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, हे मला ठाऊक आहे. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर निकृष्ट जेवणावरून आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्यांवरून संप झाला, आणि बघता बघता ७८ जहाजं आणि वीसेक हजार नौसैनिक त्यात उतरले. काँग्रेस, लीग आणि लाल बावटा असे तीन झेंडे एकत्र फडकले. कॅसल बॅरॅक्सवर चकमक झाली, तेव्हा लोक गेटवेपाशी नौसैनिकांसाठी खाणं घेऊन गेले. असं चित्र डोळ्यांसमोर आलं की कुणालाही 'तर' म्हणावंसं वाटणारच.

पण शरण जा असं जीनांनीही सांगितलं होतं. ते मामांच्या फॉरवर्डमध्ये नसतं. सत्तांतराची बोलणी करायला कॅबिनेट मिशन येणार ही घोषणा १९ तारखेलाच पार्लमेंटमध्ये झाली होती, म्हणजे बंडाच्या दुसऱ्याच दिवशी. एवढा निर्णय काही एका रात्रीत होत नाही. 'ग्लासगो' ही क्रूझर मुंबईकडे निघालेली, आणि अख्खं नौदल नष्ट झालं तरी चालेल, अशी नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रेची रेडिओवरून धमकी. तोफा नौसैनिकांकडेही होत्या, पण किनाऱ्यावरून येणाऱ्या डब्यांवर किती दिवस लढणार होते? २३ तारखेला ते शरण गेले. सैन्यातली शिस्त मोडू देऊन चालणार नाही, उद्या आपल्यालाही सैन्य लागणार आहे, असं पटेलांचं म्हणणं. ते पटत नसेल तर तसं म्हणा, पण 'नसतं तर' कशाला?

मग मी नेहमीची टेप लावली. इकडे दुसऱ्या महायुद्धातल्या डंकर्कचं जर-तर करणारा माणूससुद्धा क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जातो, पेन्सिल घेऊन बसतो, लॉकरमधून फाईल काढून वाचतो. आपल्याकडे १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन-ब्रूक्स अहवालसुद्धा अजून सरकारने खुला केलेला नाही. सहा मेसेज, सगळे लांबलचक. वसाहती सोडताना याच इंग्रजांनी किती कागद जाळले, हे मात्र मी लिहिलं नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांना मुंबईत असं काही झालं होतं याचा पत्ताच नव्हता, हेही नाही. मी स्वतः क्यूला एकदाच गेलोय. वाचलं थोडं, कॅफेत स्कोन खाल्ला आणि रीडर्स तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला.

मामा एवढंच म्हणाले, 'तुझे आजोबा होते त्या दिवशी परळला. विचारलंस कधी?'

२२ तारखेला गिरण्या बंद होत्या, आणि परळला गोळीबार झाला. कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे त्यातच मेल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली, आणि त्यांतलं बहुतेकांना एकच नाव ठाऊक असतं, तेही असलं तर. आजोबा गिरणीत होते. त्या संध्याकाळी ते एकच चप्पल घालून घरी आले. आजी हे हसून सांगायची, 'एक चप्पल सरकारजमा केली हो यांनी!' आणि आम्ही पोरं हसायचो. उरलेली चप्पल बरीच वर्षं माळ्यावर होती. तिच्यावर पाल बसायची म्हणून मी माळ्यावर चढत नसे. ती कुठे पडली, आजोबा कुठून पळाले, शेजारी कोण पडलं, यातलं काही मी कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हा मी इथं आलो होतो, व्हिसाच्या रांगेत.

चाळीतले त्या वेळचे एक आजोबा अजून आहेत, असं चुलतभावाकडून कळलं. चाळ रीडेव्हलपमेंटला गेल्यापासून बदलापूरला मुलीकडे असतात. ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख. मी लगेच त्याला प्रश्नांची यादी पाठवली, चौदा प्रश्न, नंबर टाकून. त्याचं उत्तर आलं, 'तूच ये ना दाद्या. त्यांना तुझ्या आजोबांचं नाव माहितीये, माझी यादी काय ऐकतील ते?'

तीन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिका मात्र त्याला दिसल्या असतील.