हाडांसाठी हजार कोटींचे पॅकेज

कपाशी वेचून वेचून आईची कंबर वाकली असेल आणि बांधावर पाय घसरल्याचे निमित्त होऊन तिचे मनगट मोडले असेल, तर तिला ताक पाजण्याचा मागासलेपणा आपण मुळीच करू नये. गाईचे सगळे दूध सकाळीच संकलन केंद्रावर घालावे आणि त्याचे पैसे हाती पडताच तालुक्याच्या मेडिकलमधून हाडे बळकट करण्यासाठी प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयुक्त अशा जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल आणाव्यात. त्यांत जिवाणूंचे खाद्य म्हणून इन्युलिनही घातलेले असेल, तर ‘सिनबायोटिक’ या भारदस्त नावाचे वेगळे पैसे आनंदाने मोजावेत. तेच इन्युलिन भाकरीसोबत बुक्कीने फोडलेल्या कांद्यातही असते, असे कुणी म्हणाल्यास विषय बदलावा.

दुकानदार संशोधनाचा दाखला देईल, आणि तो खोटा नसेल. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षे वयाच्या ९० स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली. त्यांपैकी काहींना रॉयटेरी या जिवाणूचा एक ठरावीक वाण रोज हजार कोटींच्या मात्रेत, म्हणजे सरकारी पॅकेजलाही शोभेल अशा आकड्यात, देण्यात आला. त्यांच्या नडगीच्या हाडाची झीज इतर स्त्रियांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास राहिली, असे २०१८ साली जाहीर झाले. वाचन येथेच थांबवावे. कारण पाळी नुकतीच थांबलेल्या २३९ स्त्रियांवर तोच वाण दोन वर्षे वापरूनही हाडांच्या घनतेत फरक पडला नाही, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले आहे, आणि ते वाचल्यावर पाकिटाकडे जाणारा हात अवघडतो.

पिशवीवर वाण वाचल्याखेरीज आपण कपाशीचे बियाणे घेत नाही. तो नसला तर कृषी केंद्रात भांडतो. कॅप्सूलच्या डबीवर मात्र असली चिकित्सा शोभत नाही. (चाचणीतला वाण कोणता आणि डबीतला कोणता, हे विचारणारे गिऱ्हाईक कुठल्याच काउंटरवर आवडत नाही.) थंड जागी ठेवा, असे डबीवर छापलेले असले तरी ती मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एसटीने खुशाल आणावी. आतले जिवाणू जिवंतच पोचले पाहिजेत, असा हट्ट कशाला?

प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि जिवाणू फार तर ते शोषून घ्यायला मदत करतील. ताटातच ते नसेल, तर जिवाणूंनी नेमके काय शोषायला मदत करावी, ही चिंता त्यांच्यावरच सोडावी. कुंपणालगतच्या मुनग्याच्या (म्हणजे शेवग्याच्या) पाल्यात कॅल्शियम भरपूर असते खरे, पण त्याची भाजी पाहुण्यांपुढे ठेवायला लाज वाटते. तेव्हा तो नेहमीप्रमाणे शेळीपुढे टाकावा. शेळीचे हाड मोडल्याचे गावात अजून ऐकिवात नाही.