बी.ई. सिव्हिल, भावी आमदार

पेढे वाटून झाले, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, आता पुढचं बोलू. नोकरीचा विचार मनातून काढून टाका. उन्हात उभं राहून दुसऱ्याच्या सळया मोजायच्या म्हणून का तुम्ही चार वर्षं (केटी धरून सहा) घालवलीत? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली आणि त्यातली कितीतरी कॉलेजं पुढाऱ्यांनीच काढली. पुढाऱ्यांनी एवढे इंजिनिअर तयार केले, तर एखाद्या इंजिनिअरने पुढारी होऊन परतफेड नको का करायला?

कॉलेजातला एकच मित्र मात्र जपा. ज्याच्या शीटवरून तुम्ही रात्र रात्र काचेखाली ट्यूब लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारलीत, तो. पहिल्या बाकावरचा, चार पेन्सिलींना टोक करून आणणारा. तो परीक्षा देऊन बांधकाम खात्यात लागणार आणि बदल्यांच्या फेऱ्यात कधीतरी तुमच्याच तालुक्यात शाखा अभियंता म्हणून येणार. त्याच्या लग्नाला जा. आहेर जरा जड करा.

मग सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करा. सरकारी कामांचा एक हिस्सा अशा बेरोजगारांसाठी राखीव असतो, एक मजूर सहकारी संस्थांसाठी. बेरोजगार असल्याचा कागद हातात पडला की रोजगार सुरू. मजूर संस्थाही काढून ठेवा. तिच्यात मजूर किती, हे तुमच्या आणि तुमच्या बोलेरोच्या ड्रायव्हरमध्ये राहू द्या.

पहिलं काम आपल्याच गावात घ्या. गावठाणातला काँक्रीट रस्ता, ग्रामविकासाच्या सरकारी निधीचं लेखाशीर्ष २५१५, ज्याला पारावर सगळे नुसतं ‘पंचवीस पंधरा’ म्हणतात. २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५० मिलिमीटर जाड. म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट. निविदा तुम्ही पंधरा टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी, भरलेली आहे, कारण समोरचा बारा टक्के भरणार होता. आता हे पंधरा टक्के कुठून काढायचे, ते वर्गात शिकवलेलं नाही, म्हणून सांगतो. दोन्ही कडांना लोखंडी चॅनेल पूर्ण १५० चेच लावा. गाव कडेला उभं राहून बघतं, आणि कडच दिसते. मधला मुरूम मात्र रोलरखाली फार दाबू नका, जरा उंचच राहू द्या. कडेला १५० आणि मध्ये ९० पडलं की सरासरी १२० येते. १८ घनमीटर वाचले, म्हणजे काँक्रीटपुरते वीस टक्के. पंधरा बिलोचे गेले, पाच तुमचे.

क्यूब, म्हणजे तपासणीला पाठवायचे काँक्रीटचे ठोकळे, भरताना हयगय करू नका. पंधरा सेंटीमीटरचे साचे आतून तेल लावून घ्या, घरच्या स्लॅबला घालाल तसा माल कालवा, सळईने नीट ठासा आणि ते २८ दिवस हौदात बुडवून ठेवा. रस्त्याच्या वाट्याला पाणी आलं नाही तरी चालेल, क्यूबच्या वाट्याला आलंच पाहिजे. प्रयोगशाळेत रस्ता जात नाही, क्यूब जातो. क्युरिंगसाठी टँकर एकदाच बोलवा आणि चार शर्ट बदलून चार दिवसांचे फोटो काढा.

एका बाबतीत मात्र ज्ञान खरोखर वापरा: सांधे. काँक्रीट आकसतं, त्याला तडा जाणारच. म्हणून शहाणा इंजिनिअर टाकल्यापासून दिवसभराच्या आत कटर घेऊन दर चार-साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल, स्वतःच काप घेऊन ठेवतो. मग तडा त्या कापातच जातो आणि वरून कोणाला दिसत नाही. उशीर केलात तर तो नागमोडी, वाटेल तिथून जातो. रस्त्यावर हे नाही केलंत तरी चालेल, पण पक्षात कराच. आपला गट फुटणार कुठे, हे दुसऱ्याने ठरवण्याआधी आपण काप मारून ठेवायचा. बंडखोर आपलाच असावा, आणि निकालानंतर सांध्यात डांबर भरून घ्यावं.

भूमिपूजनाची तयारी आदल्या रात्री करा. गावठाणाची जमीन वर्षानुवर्षं पायाखाली दबलेली असते, फीत बांधलेली कुदळ तिच्यावर टणकन उडते आणि साहेबांचं मनगट दुखतं. म्हणून दोन बाय दोन फुटांचा तुकडा आधीच खणून, माती चाळून, पुन्हा भरून ठेवा. नारळालाही शेंडीच्या विरुद्ध बाजूला थोडी चीर देऊन ठेवा. तीन फटक्यांत न फुटलेल्या नारळाचा व्हिडिओ आयुष्यभर फिरतो. कोनशिला ग्रॅनाइटचीच घ्या आणि तिचा चौथरा मात्र अंदाजपत्रकाप्रमाणे बांधा. रस्ता वाहून गेला तरी पाटी उभी राहिली पाहिजे, नाहीतर इथे रस्ता होता हे लोकांना कळायचं कसं?

आता तुम्ही फ्लेक्सवर ‘भावी’ झालात. त्यावर साल टाकू नका. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच खुर्चीत होते. तेवढ्यात कित्येकांचे फ्लेक्स उन्हाने विटून ‘भावी’तला ‘वी’ उडाला आणि ते नुसते ‘भा’ उरले.

विधानसभेचा अर्ज भरताना घाई नको. अनामत दहा हजार (अनुसूचित जाती-जमातींना पाच), आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती गेली. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९अ नीट वाचा: सरकारशी कंत्राट चालू असेल तर उमेदवारी बाद. घाबरू नका, खालचं स्पष्टीकरणही वाचा. काम पूर्ण झालं असेल आणि फक्त सरकारकडून बिल यायचं राहिलं असेल, तर तेवढ्यावरून कंत्राट चालू धरत नाहीत. ठेकेदाराचं दुखणं दिल्लीतही माहीत होतं म्हणायचं. शपथपत्रात कंत्राटांचा तपशील द्यावा लागतो: स्वतःचा, पत्नीचा, अवलंबितांचा, एकत्र कुटुंबाचा, भागीदारीचा, आपले शेअर असलेल्या कंपनीचा. मेहुणा यात कुठेच बसत नाही. म्हणून तर परवाना त्याच्या नावावर. रकाना रिकामा सोडू नका, ‘निरंक’ लिहा. व्यवसाय: शेती.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा आहे. ज्याला ९० चे १५० दाखवता येतात, त्याला इथे उलटं करायला काय कष्ट?

प्रचारात कोणीतरी पर्रीकरांचं नाव काढेलच. आयआयटी मुंबईचे १९७८ चे मेटलर्जी, म्हणजे धातूवाले, पुढे गोव्याचे मुख्यमंत्री, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात सँडल. तेवढा शर्ट घ्या. बाकीचं जमत नाही.

निवडून आलात की वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी. पहिलं पत्र त्याच गावठाणातल्या रस्त्याचं द्या, आता तो खरोखरच खराब झालाय. काम मेहुण्याचं. विरोधक तक्रार करणार, गुणनियंत्रणाचं पथक कोअर मशिन घेऊन येणार, आणि नेमकं रस्त्याच्या मधोमध भोक पाडणार. तुम्ही फॉर्च्युनरमधून उतरा, काच वर राहू द्या. भोकाशेजारी तुमचा तो मित्र उभा असेल, केस जरा पांढरे, काखेत एमबी, म्हणजे कामाची मोजमापं लिहायची वही, हातात ओल्या काँक्रीटचा नऊ सेंटीमीटरचा तुकडा. तो तुकडा दोन बोटांत धरून बघेल, खिशातली टोकदार पेन्सिल काढेल आणि हळूच विचारेल,

“किती लिहू, साहेब?”