गलविंगची दारं शोभेसाठी नव्हती

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल, चंदेरी रंग, दोन्ही दारं आभाळाकडे उघडलेली, समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखी; म्हणून तिचं नाव ‘गलविंग’. हा फोटो पुन्हा फिरतोय आणि सोबत तोच मजकूर: दारं केवळ श्रीमंत गिऱ्हाइकांच्या नजरेत भरावीत म्हणून अशी केली; आत लढाऊ विमानाचं इंजिन आहे; इंधन इंजेक्शनची ही जगातली पहिली गाडी; आणि गाडी उलटली तर दारं स्फोटाने उडून जातात. चारही विधानं चुकीची आहेत. त्यातलं पहिलं मला सर्वांत जास्त लागतं, कारण या गाडीचं मर्मच त्या दारांत आहे.

१९५४ मध्ये ही गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली, पण दारांची गोष्ट तिथे सुरू होत नाही. ती दोन वर्षं आधी सुरू होते, आणि तिथे गिऱ्हाईक कुणी नव्हतंच. १९५२ मध्ये कंपनीने शर्यतीसाठी डब्ल्यू १९४ ही गाडी बांधली. हाताशी इंजिन होतं ते कंपनीच्याच ३०० या भारदस्त सलूनचं, म्हणजे चार दारांच्या बंद गाडीचं: तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं आणि वजनदार. ताकदीत प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे जाता येणार नव्हतं, तेव्हा वजन घटवणं भाग होतं. कंपनीचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांनी बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून चौकट तयार केली. त्रिकोणात जोडलेल्या नळीवर फक्त ताण किंवा दाब येतो, ती वाकवली जात नाही. म्हणून ती बारीक असली तरी चालते. पण अशा चौकटीला उंची लागते. दोन्ही बाजूंनी, बसणाऱ्याच्या कोपराच्या आसपास, नळ्यांची जाळी वर आली. साधं दार करायचं तर नेमकी तीच जाळी कापावी लागली असती.

मग उरलं छत. सुरुवातीच्या गाड्यांना तर दार म्हणावं असंही काही नव्हतं. खिडकीच्या कडेपासून वर उघडणारं झाकण होतं, त्यातून चालक आत उतरायचा. दार बाजूलाच उघडलं पाहिजे असं शर्यतीच्या नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी झाकण खाली वाढवून त्याला दाराचं रूप दिलं, आणि हेर्मान लांग व फ्रित्स रीस यांनी ती शर्यत जिंकली.

विक्रीच्या गाडीतही हाच सांगाडा राहिला. फिरणारा फोटो मोठा करून पाहा: दार उघडं असताना खाली हातभर रुंद, उंच उंबरा दिसतो. नळ्या त्याच्या आत आहेत. तो ओलांडून आत बसता यावं म्हणून स्टीअरिंग व्हील खाली मोडायची सोय करावी लागली. नजरेत भरण्यासाठी दार बनवणारा माणूस गिऱ्हाइकाला अशी कसरत करायला लावणार नाही. १९५७ मध्ये याच गाडीची उघडी आवृत्ती, रोडस्टर, आली; तिला साधी दारं होती. तिला पक्कं छतच नाही, मग दारं टांगणार कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण ती साधी दारं बसवण्यासाठी चौकट बाजूंनी खाली आणून नव्याने आखावी लागली, हे विसरू नये.

नुसत्या रूपासाठी केलेलं या गाडीत काहीतरी आहे, फक्त ते दारांत नाही. बॉनेटवर दोन उंचवटे दिसतात. बॉनेट खाली बसावं म्हणून इंजिन जवळजवळ ५० अंश कलतं ठेवलंय. तरी त्याच्या एका बाजूला जागा कमी पडली म्हणून एक उंचवटा. दुसरा जोडीला शोभावा म्हणून.

विमानाच्या इंजिनाचं विधान वर निकालात निघालंच. त्याचा उगम मात्र कळतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याचं तंत्र जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत युद्धकाळात वापरलं गेलं होतं, आणि बॉश या जर्मन कंपनीचा तो अनुभव या गाडीच्या कामी आला. तंत्र विमानाकडून आलं, इंजिन सलूनकडून.

‘जगातली पहिली’ हेही खरं नाही. गुटब्रोड सुपीरियर आणि गोलियाथ जीपी ७०० या दोन छोट्या जर्मन गाड्यांत बॉशचं थेट इंजेक्शन आधीच आलं होतं. त्यांची इंजिनं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. ३०० एसएलचा मान वेगळा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे: थेट पेट्रोल इंजेक्शन असलेली, विक्रीसाठी बनलेली ही पहिली फोर-स्ट्रोक गाडी. १९५२ च्या शर्यतीच्या गाडीत इंजेक्शनऐवजी हवा-पेट्रोल मिसळणारे जुन्या पद्धतीचे कार्ब्युरेटर होते आणि ताकद १७० अश्वशक्तीच्या आसपास. इंजेक्शनवाल्या विक्रीच्या गाडीत ती २१५ झाली. म्हणजे रस्त्यावरची गाडी शर्यतीच्या गाडीपेक्षा ताकदवान! याची किंमतही होती. इग्निशन बंद केल्यावर इंजिन पूर्ण थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल पाठवतच राही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळे, त्यामुळे ऑइल वारंवार बदलावं लागे. जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हेही सांगावं असं मला मनापासून वाटतं.

स्फोटाने निखळणारी दारं मर्सिडीजच्याच २०१० च्या एसएलएस एएमजी या गाडीची. तीही दारं वर उघडतात, म्हणून गाडी उलटल्यावर ती सुटावीत अशी सोय बिजागऱ्यांत केली. १९५४ च्या गाडीत असलं काही नाही.

फोटोखाली थरारकच काही लिहायचं असेल तर खरी गोष्ट घ्या. १९५२ च्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत, मेक्सिकोत, भरधाव डब्ल्यू १९४ वर एक गिधाड आदळलं. समोरची काच फुटली, चालक कार्ल क्लिंग यांच्या शेजारी बसलेले हान्स क्लेंक जखमी झाले. पुढच्या प्रवासासाठी काचेवर उभ्या सळया लावल्या, आणि त्याच गाडीने शर्यत जिंकली. सळया लावलेल्या त्या गाडीचे फोटोही आहेत.