‘सुतारकीच्या गप्पा’ म्हणणाऱ्या वाचकास

साहेब, दार-खिडक्यांच्या चौकटींवरच्या माझ्या लेखावर “चौकट फक्त दार धरून ठेवायला असते, उष्णता काचेतून आणि स्लॅबमधून येते, उगा सुतारकीच्या गप्पा हाणू नका,” असं तुम्ही लिहिलंत. शिवाय यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या चौकटींच्या) किमतीवर, वाळवीवर आणि माझ्या शिक्षणावरही घसरलात. मतभेद असू द्या हो, पण ही काय बोलायची रीत झाली? आमच्या औशाकडं भांडतानाही समोरच्याला आधी बसा म्हणतात.

वाळवीचं मान्य. लाकडी चौकटीच्या भिंतीत जाणाऱ्या बाजूला डांबर लावा, हे लेखात यायला हवं होतं.

आता ते ‘फक्त धरून ठेवायला’. माझे वडील सुतार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती ढासळल्या, पण लाकडी खणाचे, म्हणजे खांब-तुळयांचे, सांगाडे कितीतरी घरांत उभे राहिले. तुम्ही म्हणाल, खण वेगळा, चौकट वेगळी. वेगळीच! पण सांधा कशाला म्हणतात ते मी तिथं शिकलो, कॉलेजात नाही. दार-खिडकीचं भोक ही भिंतीची दुबळी जागा. म्हणून ते कोपऱ्याला खेटून नको, वर लिंटेलचा, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईचा, पट्टा भिंतभर फिरलेला हवा आणि चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे तिला भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी पाय, काँक्रीटमध्ये गाडलेले हवेत. प्लास्टरनंतर दोन स्क्रूंवर टांगलेली चौकट बघायचीय? दार उतरतं, खालचा कोपरा फरशीला घासतो आणि फरशीवर अर्धगोल ओरखडा उमटतो. मग दोष बिजागरीला!

उष्णतेचं म्हणाल तर ॲल्युमिनियममधून ती लाकडाच्या किंवा यूपीव्हीसीच्या हजारपट सहज वाहते. यूपीव्हीसीत पोकळ कप्पे असतात, पण आत लोखंडी पट्टी नसेल तर मोठी खिडकी वाऱ्यानं वाकते. मेमध्ये दुपारी चारला पश्चिमेच्या काळ्या ॲल्युमिनियम चौकटीला आतून हात लावा. आणि चौकट-भिंतीमधली फट कोण भरतं? गवंडी म्हणतो सुतार, सुतार म्हणतो गवंडी. झळ मात्र त्या फटीतून थेट खाटेवर येते. या गप्पा नाहीत, साहेब. तुम्ही कधी रंधा हातात धरलाय का?

किमतीचं ज्यानं त्यानं आपल्या खिशाकडं बघून ठरवावं. शिक्षणाबद्दल मी बोलणार नाही. काच आणि स्लॅब हा त्या लेखाचा विषयच नव्हता, शीर्षक तरी वाचायचं होतं. स्लॅबवर चुना मारायचा तर खुशाल मारा, चौकटीनं अडवलंय का?