आईचा व्यवसाय

आज आईला दवाखान्यात दाखल केलं. दमा उसळलाय. काउंटरवरच्या पोरानं नाव, वय, गाव विचारलं. मग, "काम काय करायच्या?" आई बाकावरनंच म्हणाली, "बिड्या वळत हुते रं बाळा. तीस वर्सं." तो म्हणाला, "आज्जी, ते घरबसल्याचं झालं. काम काय?" आणि 'गृहिणी' लिहून पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळ झाली तरी डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितेय.

घरबसल्याचं! रात्री पानं भिजत घालायची, पहाटे उठून फर्मा ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमूटभर जर्दा पानात, वळली, तोंड मिटलं, दोरा बांधला. पंचवीस झाल्या की कट्टा. मजुरी हजारावर, त्यामुळं भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात आकडाच असायचा. माल द्यायला गेलं की चेकर मूठमूठ बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. मी तिच्यासोबत रांगेत असायचे. त्या छाट बिड्या पुढं कुठं जायच्या, हे विचारायची आमची कुणाची छाती नव्हती.

माझी डी.एड.ची फी त्या सुपातनं आलीय.

बिडी विष आहे, मान्य. पण त्याच जर्द्यावर निपाणीत वखारी आणि बंगले उभे राहिले, त्या मालकांना आपण सत्कारात उद्योजक म्हणतो. मालकाच्या हातात तंबाखू धंदा, शेतकऱ्याच्या हातात पीक, आणि माझ्या आईच्या हातात आला की काहीच नाही?

बिडीचंच कशाला. बेळगावच्या उद्यमबागेत भट्टीपुढं राबणाऱ्या पोराचं स्थळ सांगा, मुलीकडचे गप्प होतात. वडगावात मागावर बसणाऱ्याचंही तेच. बंगळूरला कंपनीत आहे म्हटलं की लगेच पत्रिका मागतात. पाट्या कानडीत की मराठीत यावरनं आपण इतकी वर्षं भांडतोय, पण हाताला काळं लागलेल्या माणसाला खाली बसवण्यात दोन्हीकडचे सारखेच. शिकायलाही कष्ट लागतात, मी शिक्षिका आहे, मला ठाऊक आहे. शिकलेल्यांना त्याचं मिळतं, मिळू दे.

1966 च्या बिडी कामगार कायद्यानं घरी पान-तंबाखू नेऊन वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं. निपाणीच्या बायका युनियन करून रस्त्यावर उतरल्या. आई मला काखेत घेऊन मोर्चाला गेलेली.

त्या पोराचा राग आता उतरलाय. एकटा सगळी गर्दी सांभाळत होता, त्याच्याही घरात कुणी वळत असेल. आणि खरं सांगू? दहावीच्या वेळी एका फॉर्मवर आईच्या नावापुढं 'गृहिणी' मीच लिहिलं होतं, वर्गातल्या पोरी बघतील म्हणून. आई शेजारीच उभी होती. तिला वाचता येत होतं.

मघाशी केसपेपरवरचं ते खोडून 'बिडी कामगार' लिहिलं आणि तिला दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग मास्क बाजूला सारून म्हणाली, "कार्ड हाय की माझं, ट्रंकेत. आणून दावूया काय त्येला?"