चालतंय की, कशाला हात लावता?

प्रोग्रॅममधली जुनी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड) काढून नवी घालायची इच्छा झाली, की आधी सात रस्ता चौकात जाऊन एक चहा घ्यावा. निम्म्या इच्छा तिथंच जिरतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हा सल्ला. तुम्ही सोलापुरात बसून डेबियन या लिनक्सचं एखादं पॅकेज (बांधून दिलेला प्रोग्रॅम) सांभाळता, म्हणजे तुम्हाला एवढं ठाऊक असणारच की गावात पाणी काही दिवसांआड येतं, बग रिपोर्ट मात्र रोज.

समजा रिपोर्ट आलाय : ‘तुमचं पॅकेज अजून पीसीआरई ३ वर आहे, पीसीआरई २ वर आणा.’ घाबरू नका. पीसीआरई म्हणजे मजकुरात नमुने शोधणारी लायब्ररी. डेबियनमध्ये तीन नंबरची लायब्ररी जुनी आणि दोन नंबरची नवी. (सोनेममधला, म्हणजे लायब्ररीच्या फाइलच्या नावातला, ३ पॅकेजच्या नावाला चिकटून बसला होता; खरीखुरी दुसरी पिढी आली ती २०१५ साली.) तेव्हा भोळेपणानं उत्तर द्या, ‘तीनवरून दोनवर? आम्ही मागं जात नसतो.’ जुनीची शेवटची आवृत्ती, ८.४५, २०२१ सालची आहे आणि आता तिला भोक पडलं तर मूळ लेखक ठिगळ लावायला येणार नाहीत, हा विषय काढायचा नाही.

फारच तगादा लागला तर एडिटर उघडा आणि सगळीकडे ‘पीसीआरई’ शोधून ‘पीसीआरई२’ करा. ‘स्टडी’ नावाचं फंक्शन नवीत नाहीच, ती ओळ पुसा. जुळलेला मजकूर कुठं सुरू होतो नि कुठं संपतो, ते आकडे जुनी ‘इंट’मध्ये द्यायची, नवी ‘साइझ_टी’मध्ये देते, ६४ बिटांच्या मशिनवर एक चार बाइटांचा, दुसरा आठ. कंपायलर यावर कुरकुर करेल. इशारे बंद करायचे फ्लॅग असतात ते उगाच नाही.

माझा मेव्हणा यंत्रमागवाला. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘त्यात काय बे? ताणा संपत आला की जुन्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा गाठून घ्यायचा. हजारो धागे असतेत. बसायचं अन् जोडायचं.’’ असल्या माणसांशी तांत्रिक चर्चा करू नये. होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी पाडायला २०२३ उजाडलं. आपण कुठले एवढे घाईचे!

खरा मार्ग वेगळाच आहे. जुन्या लायब्ररीचा अख्खा सोर्स आपल्या पॅकेजमध्ये टाका. आता ती लायब्ररी डेबियननं काढली काय, ठेवली काय, तुमचं घर भरलेलं. अशा प्रती ठेवू नका असं धोरणात लिहिलंय, पण धोरण काय, हेल्मेटचंही आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा सामायिक लायब्ररी वापरणाऱ्यांना ते बुजवायला एक पॅकेज बदलून सर्व्हिस पुन्हा सुरू करणं पुरलं. ज्यांनी आपापल्या पोटात प्रत दडवली होती, त्यांना ती एकेक करून हुडकावी लागली. तेवढाच आपल्या पॅकेजवर लोकांचा वेळ जातो, ओळख वाढते.

पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचं ठिगळ, लिहिलाच, तर मूळ प्रकल्पाकडे चुकूनही पाठवू नका. त्यांनी स्वीकारला तर तुमच्याकडं उरेल काय? तो आपल्याजवळच जपा, दर नव्या आवृत्तीवर तो सरळ बसणार नाही, दर वेळी पुन्हा बसवा. डेबियनमध्ये हे पॅच एकावर एक रचून ठेवणाऱ्या साधनाचं नाव क्विल्ट, म्हणजे चक्क गोधडी. चादरीच्या गावात बसून गोधडी शिवण्याचा मान सगळ्यांच्या नशिबात नसतो.

मुदतीचं म्हणाल तर ‘गड्डा झाला की करतो’ असं कळवा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत. मागच्या खेपेला फ्रीझ, म्हणजे डेबियनची नवी आवृत्ती येण्याआधी मोठे बदल थांबवायचा काळ, १५ मार्च २०२५ ला सुरू झाला. यात्रेतनं आल्यावर पाय दुखायला, शेंगा चटणी नि कडक भाकरी संपवायला मधे पुरेसे आठवडे मिळतात. एकदा फ्रीझ लागला की छाती काढून सांगायचं, ‘आता मोठे बदल करणं जबाबदारपणाचं नाही.’ टेस्टिंगमधून, म्हणजे पुढची आवृत्ती जिथं तयार होते तिथून, पॅकेज आपोआप निघून गेलं तर उत्तमच, तिथले बग रिपोर्टही थांबतात.

धोका एकच. कुणीतरी अनोळखी कॉलेजचं पोरगं सगळं नीट करून, चाचण्यांसकट, चाळीस ओळींचा पॅच पाठवतं. तो तीन आठवडे उघडूच नका. उघडलाच, तर ‘चौदाव्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सुटली आहे’ एवढं लिहून परत पाठवा.